मेलेला पुतळा आणि न वाचलेला संदर्भ

शनिवारी रात्री साडेबारा वाजता आमच्या होस्टेलच्या कॉमन रूममध्ये भांडण झालं. विषय होता: दगडाचा पुतळा मेलेला असू शकतो का?

झालं असं, की आम्ही पाच जण दीडेक वर्षापासून दर शनिवारी डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: एक जण गेम मास्टर असतो, तो गोष्ट सांगतो. बाकीचे एकेक पात्र घेऊन त्या गोष्टीत वावरतात, आणि जिथे काय होईल हे नक्की नसतं तिथे फासे टाकतात. त्या रात्री आमच्या फिजिक्सवाल्या गेम मास्टरने आम्हाला वाळवंटातल्या एका राजाच्या थडग्यात उतरवलं. दाराशी कोल्ह्याच्या डोक्याचा दहा फुटी पुतळा. आम्ही आत पाऊल टाकलं आणि त्याने डोळे उघडले. गेम मास्टर गंभीर आवाजात म्हणाला, "हा उशाब्ती. राजाच्या अंगरक्षकाचा आत्मा ह्यात हजारो वर्षं बांधून ठेवलाय."

आमच्यातली बायोटेकवाली क्लेरिक खेळते, म्हणजे पुजारीण. ती लगेच म्हणाली, "टर्न अनडेड!" ही क्लेरिकची शक्ती. समोरच्या मृतात्म्यांना ती पळवून लावते.

"चालणार नाही. तो पुतळा आहे. कन्स्ट्रक्ट."

"अरे, पण आत मेलेला माणूस आहे असं तूच म्हणालास ना आत्ता?"

पुढची चाळीस मिनिटं एकही फासा पडला नाही. मी मात्र फारशी बोलले नाही. उशाब्ती म्हणजे थडग्याचे पहारेकरी, हे वाक्य सगळ्यांनी गृहीत धरलं होतं, आणि तेच वाक्य काही महिन्यांपूर्वी मी माझ्या थिसिसच्या पहिल्या प्रकरणात लिहून बसले होते. त्याबद्दल शेवटाकडे सांगते.

इथे एरवी मी पेपर कसा वाचावा, सिनॉप्सिस कसा लिहावा असलं लिहिते. आज एका मॉन्स्टरचं परीक्षण करणार आहे. नेम धरून केलं तर त्यातून तेच सगळं निघतं.

आधी व्याख्या

खेळात हा वाद इतका तापतो त्याला कारण आहे. डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये प्रत्येक मॉन्स्टरला एक प्रकार असतो. झोंबी, ममी, व्हॅम्पायर हे अनडेड. दगडाचा गोलेम हा कन्स्ट्रक्ट, म्हणजे बनवलेली वस्तू. पाचव्या आवृत्तीतल्या (२०१४) वर्णनानुसार गोलेमच्या आतही एक आत्मा असतो, पण तो पृथ्वीतत्त्वाचा. कुठल्या माणसाचा नाही. म्हणून गोलेम हलतो, मारतो, पण तो कधी मेलेला नसतो, कारण कधी जगलेलाच नसतो.

म्हणजे फरक "हलतं कोण" ह्यात नाही, "आत कोण आहे" ह्यात आहे. ह्या व्याख्येने बघितलं तर आमच्या पुजारणीचा मुद्दा बरोबर ठरतो. आत माणसाचा आत्मा असेल तर बाहेर हाडं आहेत की ग्रॅनाइट, ह्याने काय फरक पडतो? गेम मास्टरचं म्हणणं उलट: शरीर कधीच जिवंत नव्हतं, मग ते "मेलेलं असून जिवंत" कसं होईल?

दोघंही बरोबर होते. दोघांच्या मनात "अनडेड" ह्या शब्दाच्या दोन वेगळ्या व्याख्या होत्या, आणि कोणीच ती आधी सांगितली नव्हती. सेमिनारमध्ये असे किती वाद ऐकलेत ते तुम्हीच आठवा.

ह्यात एक गंमतही आहे. "अनडेड" हा शब्द लोकांच्या तोंडी बसला तो मुख्यतः ब्रॅम स्टोकरच्या ड्रॅक्युलामुळे (१८९७). म्हणजे युरोपातल्या रक्तपिपासू सरदारासाठी रुळलेला कप्पा आपण नाईलकाठच्या पुतळ्याला लावतोय. मग तो नीट बसत नाही ह्यात नवल काय?

वॉरहॅमरचा उशाब्ती: काय जमलंय

आमच्या गेम मास्टरने हा पुतळा वॉरहॅमरमधून उचलला होता. वॉरहॅमर म्हणजे मुळात छोट्या मूर्तींची सैन्यं टेबलावर मांडून लढायचा ब्रिटिश खेळ. त्याच जगावर बेतलेला रोलप्ले खेळही आहे. त्या जगात नेहेखारा नावाचा इजिप्तसारखा देश आहे आणि त्याचे मेलेले राजे थडग्यांतून उठून सैन्य घेऊन निघतात. त्यांच्या सैन्यात उशाब्ती असतात: नेहेखाराच्या देवांच्या रूपात घडवलेले प्रचंड पुतळे, मंत्रांनी हलणारे, हातात माणसाएवढी शस्त्रं. २०११ साली आलेल्या टूम किंग्जच्या पुस्तकात ते एकाच वेळी अनडेडही आहेत आणि मंतरलेली बनावट वस्तूही. आमच्या भांडणावरचं उत्तर त्यांनी "दोन्ही" असं देऊन टाकलंय.

चांगलं काय आहे ते आधी सांगते. परीक्षण म्हणजे फक्त चुका काढणं नाही, हे पीअर रिव्ह्यू लिहायला लागलात की कळेल.

एक म्हणजे हा मॉन्स्टर बघताक्षणी कळतो. आकार, डोकं, शस्त्र: तिन्ही गोष्टी एका नजरेत सांगतात की हा इथेच उभा होता, इथेच राहणार. दुसरं, तो थडग्याचाच भाग आहे. भिंतीतून निघाल्यासारखा. कुठूनतरी आणून सोडलेला कोळी नाही. तिसरं, आणि मला सगळ्यात आवडलेलं: त्याच्यामुळे खेळाडूंच्या मनात क्षणभर येतं की आपण इथे चोर आहोत. पहारेकरी त्याची नेमून दिलेली ड्यूटी करतोय. घुसलोय आपण.

एवढं सगळं जमलेलं असताना तक्रार कशाला? तक्रार नावाबद्दल आहे. नावासोबत जी कल्पना आली असती ती दाराबाहेरच राहिली, त्याबद्दल आहे.

खरा उशाब्ती वीतभर असतो

प्राचीन इजिप्तमध्ये उशाब्ती (शब्ती, शवब्ती ही जुनी रूपं) म्हणजे मृतासोबत थडग्यात ठेवायची छोटी मूर्ती. साधारण वीतभर, काही त्याहून लहान. लाकडाच्या, दगडाच्या, आणि पुढे मोठ्या संख्येने फायन्सच्या, म्हणजे क्वार्ट्झच्या भुकटीपासून घडवून वर निळा-हिरवा चकचकीत थर आणलेल्या. आकार ममीसारखा गुंडाळलेला. आणि हातात बहुतेक वेळा काय असतं? कुदळ. पाठीवर बी-बियाण्याची पिशवी.

तलवार नाही. कारण त्यांचं काम लढायचं नव्हतंच. इजिप्तच्या लोकांच्या कल्पनेत मेल्यानंतरच्या जगातही शेती होती, आणि शेती आहे म्हटल्यावर वेठही होती: शेत पिकवा, पाणी खेळवा, पूर्वेची वाळू पश्चिमेला वाहून न्या. मृताला कामाला बोलावणं आलं की त्याच्या जागी ह्या मूर्तीने हजर व्हायचं. तसा आदेश देणारा मंत्र, ज्याला आज "मृतांच्या पुस्तका"चा सहावा अध्याय म्हणतात, तो बऱ्याच मूर्तींच्या अंगावरच कोरलेला असतो. "उशाब्ती" ह्या नंतरच्या रूपाचा संबंध "उत्तर देणे" ह्या क्रियापदाशी लावतात. उशाब्ती म्हणजे हाक मारल्यावर ओ देणारा.

पुढे पुढे तर ह्याची पद्धतशीर गँगच बसली. पूर्ण संच ४०१ मूर्तींचा: वर्षाच्या प्रत्येक दिवसाला एक असे ३६५ कामगार, आणि दर दहांमागे एक ह्या हिशेबाने ३६ मुकादम. मुकादमांच्या हातात चाबूक. तुतनखामेनच्या थडग्यात ४१३ मूर्ती मिळाल्या. ३६५ आणि ३६ चा हिशेब तिथेही आहे, वर महिन्याला एक असे आणखी १२ मुकादम.

आता वॉरहॅमरचा उशाब्ती बाजूला ठेवून बघा. कुदळ जाऊन शस्त्र आलं. वीतभराचा दहा फुटी झाला. शेतमजुराचा शिपाई झाला. फक्त नाव तेवढं शिल्लक राहिलं. आणि हे नाव तिथेच थांबलं नाही. कोबोल्ड प्रेसच्या टोम ऑफ बीस्ट्स ह्या मॉन्स्टरांच्या पुस्तकातही उशाब्ती थडग्याचा मोठा पहारेकरी म्हणूनच येतो. तिथे तो कन्स्ट्रक्ट आहे. म्हणजे दोन पुस्तकांत अनडेड की कन्स्ट्रक्ट ह्यावर मतभेद आहे, पण पहारेकरी असण्यावर एकमत. नेमकी तीच गोष्ट मूळ वस्तूत नाही.

"अगं, पण हे काल्पनिक आहे ना?"

हा आक्षेप रास्त आहे आणि आमच्या गेम मास्टरने तो घेतलाच. कल्पनेच्या खेळाला खरेपणाची सक्ती नाही. नेहेखारा इजिप्त नाही. कोणी इतिहास शिकायला वॉरहॅमर खेळत नाही. मान्य.

माझं म्हणणं "हे चूक आहे" असं नाहीच. माझं म्हणणं आहे की हे कमी आहे. खेळाला मारामारी हवी होती, म्हणून जी वस्तू हाताला लागली तिचा शिपाई केला. शिपाई आमच्याकडे आधीच ढिगाने आहेत. हाक मारल्यावर ओ देणारे, राबण्यासाठीच घडवलेले, मालकाच्या बदल्यात अनंतकाळ वाळू वाहणारे ४०१ जण मात्र कुठेच नव्हते. ते हातात आले आणि सुटले.

जरा असा प्रसंग डोळ्यांसमोर आणा. थडग्यातल्या खोलीत लाकडी पेट्या आहेत. पेट्यांत निळ्या मूर्ती, रांगेने. तुमच्यातला कोणीतरी भिंतीवरचं राजाचं नाव मोठ्याने वाचतो. आणि चारशे बारीक आवाज एकदम म्हणतात, हजर. ते हल्ला करत नाहीत. ते कामाला लागतात. त्यांचं काम वाळू इकडून तिकडे नेणं हे आहे, आणि तुम्ही उभे आहात ती "तिकडे"ची खोली आहे. टर्न अनडेड चालत नाही, कारण त्यांच्यात मेलेला कोणी नाही. तलवारीने पन्नास फोडा, मुकादम चाबूक वाजवतो आणि काम सुरूच. सुटका एकच: त्यांना दुसरं काम सांगता आलं पाहिजे, आणि त्यासाठी अंगावरचा मजकूर वाचता आला पाहिजे.

हे मी काही प्रतिभेच्या जोरावर सुचवलेलं नाही. जवळजवळ सगळं मूळ वस्तूत लिहिलेलंच आहे. मूळ वाचण्याचा फायदा हा असा असतो. लोकांना वाटतं प्राथमिक साधन वाचायचं ते आपली चूक कोणी पकडू नये म्हणून. माझ्या अनुभवात ते वाचायचं कारण दुसरं आहे: दुसऱ्याने सारांश करताना जे सोडलं, त्यात तुमचा प्रश्न पडलेला असू शकतो.

चूक फक्त खेळवाल्यांची नाही

आता तुम्ही म्हणाल, थडग्यात पहारेकरी पुतळे खरंच नव्हते का? तुतनखामेनच्या थडग्याचे फोटो आठवा. हॉवर्ड कार्टर नोव्हेंबर १९२२ मध्ये बाहेरच्या दालनात शिरला तेव्हा समोर, बंद केलेल्या दाराच्या दोन बाजूंना, माणसाच्या उंचीचे दोन काळे पुतळे एकमेकांकडे तोंड करून उभे होते. लाकडी, काळी कातडी, सोन्याचा मुलामा, हातात दंड. त्या दाराच्या पलीकडे राजाचं शव. आजही ह्या जोडीला सर्रास "पहारेकरी पुतळे" म्हणतात.

पण त्यांच्यातल्या एकावरचा लेख त्याला पहारेकरी म्हणत नाही. तो राजाचा का आहे असं सांगतो. का म्हणजे माणसाची जीवनशक्ती, त्याचं दुसरं रूप म्हणा हवं तर. म्हणजे दाराशी उभा आहे तो शिपाई नसून खुद्द राजाच, दुसऱ्या शरीरात.

रिसर्च सुरू करणाऱ्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा अशी माझी विनंती आहे. "दोन पुतळे बंद दाराच्या दोन्ही बाजूंना उभे आहेत" हे निरीक्षण. "ते पहारा देत आहेत" हा अर्थ. अर्थ चुकीचाच आहे असंही नाही, राजाचं रूप आपल्याच शवाची राखण करूही शकतं. पण निरीक्षणाचं नाव म्हणून अर्थ चिकटवला, की पुढच्या प्रत्येकाला तो अर्थ डेटाच वाटतो. लॅबमध्ये नमुन्याच्या बाटलीवर "अशुद्धी" असं लिहून ठेवा आणि बघा, सहा महिने तिचं स्पेक्ट्रम कोणी घेणार नाही.

ह्या का प्रकरणामुळे आमच्या भांडणाचाही निकाल वेगळा लागतो. इजिप्तमध्ये पुतळ्यांवर "मुख उघडण्याचा" विधी करत असत. ममीवरही तोच विधी. त्यानंतर पुतळा श्वास घेऊ शकतो, अन्न स्वीकारू शकतो अशी श्रद्धा. आपल्याला ही कल्पना कळायला कठीण जात नाही. गणपतीची प्राणप्रतिष्ठा घरोघरी होते, आणि देवस्थान "जागृत" आहे असं आपण सहज म्हणतो. विधी वेगळे, त्यामागचे विचार वेगळे, दोन्ही एकच आहेत असं मी म्हणत नाही. पण एक गोष्ट दोन्हीकडे दिसते: पुतळ्यात कोणी असणं हे भयंकर मानलेलं नाही. मुख उघडलेला पुतळा म्हणजे उठलेलं प्रेत नव्हे. त्यात कोणीतरी राहतं, एवढंच. तेव्हा "पुतळा मेलेला असू शकतो का" ह्या प्रश्नाला इजिप्तचं उत्तर बहुधा असं असतं, की प्रश्नच चुकीचा मांडलाय.

मग राखण कोण करत होतं?

संरक्षणाची व्यवस्था होती. तुतनखामेनच्या शवदालनाच्या चार भिंतींत मंत्र लिहिलेल्या विटा बसवलेल्या होत्या. आतल्या खजिन्याच्या तोंडाशी पेटीवर बसलेला अनुबिस होता. दारांवर स्मशानभूमीच्या अधिकाऱ्यांचे शिक्के होते: खाली नऊ बांधलेले कैदी, वर कोल्हा. आणि एवढं सगळं असून दफनानंतर थोड्याच काळात ह्या थडग्यात दोनदा चोरी झाली. चोरांमागे पुतळा धावला नाही. कर्मचाऱ्यांनी आवराआवर करून दारं पुन्हा बंद केली आणि नवे शिक्के मारले. पुढची तीन हजार वर्षं थडगं वाचलं त्याचं श्रेय सहाव्या रामेसेसच्या थडग्याच्या खोदकामाला द्यावं लागतं. त्याचा राडारोडा आणि कामगारांच्या झोपड्या तुतनखामेनच्या दारावर आल्या. यशस्वी पहारेकरी म्हणजे ढिगारा!

चोर कोण होते हेही आपल्याला माहीत आहे. नवव्या रामेसेसच्या काळातले, साधारण इ.स.पू. ११०० च्या आसपासचे, थडगेचोरीच्या तपासाचे पपायरस शिल्लक आहेत. त्यात आमुनपनेफेर नावाच्या एका पाथरवटाचा जबाब आहे. त्याने साथीदारांसह सोबेकेमसाफ राजाचं थडगं फोडलं, सोनं वाटून घेतलं, पकडला गेला, लाच देऊन सुटला, आणि पुन्हा टोळीत सामील झाला. दगड कसा फोडायचा हे ज्याला पोटासाठी शिकवलं होतं, त्यानेच फोडला. त्याच काळाच्या पुढेमागे त्या परिसरातल्या कामगारांना धान्याचा पगार वेळेवर मिळत नव्हता, हेही नोंदवलेलं आहे.

खेळातल्या "प्राचीन थडग्या"त हा माणूस कुठेच नसतो. तिथे शाप असतो, पुतळा असतो, आणि सोनं न्यायला आलेले आपण असतो, नायक म्हणून. माझ्या मते ह्या मॉन्स्टरवरची सगळ्यात गंभीर टीका हीच. त्याच्या येण्याने क्षणभर वाटतं की आपण चोर आहोत, आणि मग तोच आपल्यावर धावून येतो, म्हणजे आपल्याला स्वतःचा बचाव करणारे बनवतो. पुतळा फुटला की प्रश्नही मिटतो. वीतभर मजुरांनी हा प्रश्न इतक्या स्वस्तात मिटू दिला नसता.

आता माझी चूक

माझं काम जवळ-अवरक्त प्रकाश देणाऱ्या पदार्थांवर आहे. ह्या विषयात इजिप्शियन ब्लू हे रंगद्रव्य हटकून येतं: कॅल्शियम कॉपर सिलिकेट, माणसाने बनवलेल्या सगळ्यात जुन्या रंगद्रव्यांपैकी एक. त्यावर दृश्य प्रकाश टाकला की ते साधारण ९१० नॅनोमीटरला चमकतं. डोळ्यांना दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतं. थिसिसच्या पहिल्या प्रकरणाला जरा इतिहासाची फोडणी द्यावी म्हणून मी एक वाक्य लिहिलं: प्राचीन इजिप्तमध्ये थडग्यांच्या रक्षणासाठी ठेवलेल्या उशाब्ती मूर्ती इजिप्शियन ब्लूपासून बनवत. शेवटी कंसात एका रिव्ह्यू पेपरचा क्रमांक.

आमच्या मॅडमनी समासात पेन्सिलने तीन शब्द लिहिले: हे वाचलंयस का?

वाचलं नव्हतं. रिव्ह्यूमधून उचललं होतं. मग उलटी वाट धरली. रिव्ह्यूने एका पुस्तकाचा हवाला दिला होता. ते लायब्ररीतून काढलं. त्यात उशाब्तींबद्दल दोन पानं होती आणि त्या फायन्सच्या असल्याचं स्पष्ट लिहिलं होतं. फायन्सच्या चकाकीतला निळा रंगही तांब्याचाच, पण ती काच असते, आणि इजिप्शियन ब्लू हे स्फटिकरूप संयुग. निळं दिसलं म्हणजे एकच असं नाही. ज्या विषयात मी पीएचडी करतेय, त्याच विषयातली ही चूक!

दुसरी चूक जास्त लागली. "रक्षणासाठी" हे पुस्तकात नव्हतं. रिव्ह्यूतही नव्हतं. मग आलं कुठून? दोन दिवस विचार केल्यावर आठवलं. कॉलेजात असताना मी टोटल वॉर: वॉरहॅमर २ हा संगणकावरचा खेळ रात्र-रात्र खेळायचे. २०१८ मध्ये त्यात टूम किंग्ज आले होते, उशाब्तींसह. तो शब्द माझ्या डोक्यात तिथून बसला होता. "हे तर सगळ्यांनाच माहीत असतं" ह्या खात्रीने तो थिसिसमध्ये उतरला, आणि वाक्याच्या शेवटी संदर्भक्रमांक असल्यामुळे सिद्ध झाल्यासारखा दिसत होता. क्रमांक होता अर्ध्या वाक्याचा, आणि तोही चुकीचा. उरलेलं अर्धं वाक्य खेळातलं.

मॅडम रागावल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "खोटं लिहिलं नाहीस तू, पण तुला कळलंही नाही की तू काय लिहिलंस. दुसरं जास्त धोक्याचं." म्हणूनच त्या शनिवारी मी गप्प बसले होते.

मराठीत करताना

हा लेख लिहिताना आणखी एकदा तीच चूक करता करता वाचले. "अनडेड" ला मराठी शब्द शोधत होते, आणि वेताळ सुचला. किती चपखल! विक्रम-वेताळाच्या गोष्टीत तो प्रेतात शिरतो, आणि गोव्या-कोकणात वेताळाच्या मूर्ती गावाचे राखणदार म्हणून उभ्या असतात. मेलेला, पुतळा, पहारेकरी: तिन्ही अटी पूर्ण. शीर्षकही लिहून टाकलं होतं.

मग लक्षात आलं, हे तर वॉरहॅमरवाल्यांनी केलं तेच. गावाच्या देवाला, ज्याला लोक आजही नारळ ठेवतात, मी उचलून परक्या थडग्यात उभं करत होते, का तर शब्द बसत होता म्हणून. शीर्षक खोडलं. लेखात अनडेडला अनडेडच ठेवलं. कुठे कुठे परका शब्द तसाच ठेवणं हाच प्रामाणिक अनुवाद असतो.

निकाल

मॉन्स्टर म्हणून वॉरहॅमरचा उशाब्ती चांगला आहे: दिसायला भारी, जागेला शोभणारा. कल्पना म्हणून तो स्वतःच्या नावापेक्षा लहान आहे. त्याला दुसरं कुठलंही नाव दिलं असतं तर मी एवढं बोलले नसते.

तुमच्या पहिल्या प्रकरणातली एखादी ओळ घ्या, जी तुम्हाला "माहीतच आहे". तिला तीन प्रश्न विचारा. हे मी कुठे वाचलं, आणि तिथे ते खरंच आहे का? ह्यात निरीक्षण कुठे संपतं आणि अर्थ कुठे सुरू होतो? आणि सारांश करणाऱ्याला काय हवं होतं, ज्यामुळे कुदळीची तलवार झाली? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर कधीकधी तुम्ही स्वतःच असता.

राहिलं आमचं भांडण. गेम मास्टरने शेवटी असा निर्णय दिला: टर्न अनडेड लागू होईल, आत्मा मिनिटभर पळून जाईल, पण पुतळा आहे तिथेच उभा राहील. मला हा निर्णय आवडला. व्याख्येवर वाद घालण्यापेक्षा त्याने सांगितलं की प्रयोग केला तर काय दिसेल. त्या एका मिनिटात आम्ही पुतळ्याच्या पायांमधून सरपटत आत गेलो.

आत लाकडी पेट्या होत्या. पुढच्या शनिवारी त्या उघडायच्या आहेत. ४०१ चा आकडा मी त्याला सांगितला, ही माझीच चूक.